छू आणि आईची शिवण

मला पहिल्यांदा मधोमध कापलं तेव्हा मी अकरा वर्षांची होते. कापणारी आठ वर्षांची, माझीच सख्खी धाकटी बहीण, छू. आईच्या दुकानातलं नवं शिलाई मशीन ज्या खोक्यातून आलं होतं त्यात तिने मला पाय दुमडून कोंबलं. एका टोकाला माझं डोकं बाहेर, दुसऱ्या टोकाला शेजारच्या मुलीचे पाय बाहेर, आणि मग पलीकडच्या सुताराकडून उचलून आणलेली करवत तिने खोक्यावर चालवायला घेतली. गल्लीतली चौदा पोरं समोर मांडी घालून बसली होती. खोका पुठ्ठ्याचा होता. करवत खरी होती. माझं पोट खोक्यात नक्की कुठे आहे याचा जादूगारणीला काडीचाही अंदाज नव्हता.

मी किंचाळले. पोरांना वाटलं, काय झकास अभिनय करते ही! टाळ्या पडल्या. मी आणखी मोठ्याने किंचाळले, टाळ्या आणखी वाढल्या. शेवटी आई हातात दाभण घेऊन दुकानातून पळत आली आणि तिने खोकाच उपडा केला. एका खोक्यातून दोन मुली बाहेर पडल्या.

आई करवतीबद्दल ओरडेल असं मला वाटलं होतं. मला ते हवंही होतं. पण आईने शेजारच्या मुलीच्या पायांकडे बोट दाखवलं.

"हे पाय हिचे नाहीत."

"जादूत तसंच असतं, आई," छू म्हणाली.

"मग ती जादू नाही, लबाडी आहे. माझ्या पोटच्या पोरीने लोकांना फसवायचं आणि वर टाळ्या घ्यायच्या? ज्या दिवशी खोटेपणा न करता जादू करशील ना, त्या दिवशी मला बोलव. येईन मी बघायला."

आई रागाने बोलली होती. पण छूने ते वचन म्हणून ऐकलं. मुलांचं असंच असतं, मोठ्यांच्या रागातला नेमका आपल्या सोयीचा शब्द ती उचलतात आणि जन्मभर खिशात ठेवतात.

छू हे तिचं खरं नाव नव्हे, पण खऱ्या नावाने तिला शाळेच्या हजेरीतसुद्धा कुणी हाक मारली नसेल. बोलायला लागल्यावर तिचा पहिला शब्द "आई" नव्हता, "छू" होता. वाटीवर फडकं टाकायचं, "छू" म्हणायचं, फडकं काढायचं आणि वाटी जागच्या जागी बघून ढसाढसा रडायचं. बाबांची नोकरी फिरतीची. ते महिन्यातून दोनदा उगवत, आणि गायब होण्याचा गुण पोरीने आपल्याकडूनच उचलला असं ऐटीत सांगत.

आईचं दुकान घराच्या पुढच्या खोलीत होतं. कपड्यांचं नव्हे, जाड कामाचं. तंबू, ताडपत्र्या, ट्रकवरची झाकणं, टपालाची पोती, सर्कशीचा फाटका मांडव, काय वाटेल ते तिच्याकडे यायचं. दारावर पाटी होती, "आमची शिवण कुणाच्याने उसवत नाही." ती बढाई नव्हती. आईने शिवलेली ताडपत्री फाटायची ती कापडात, शिवणीत कधीच नाही. ती टाके घालायची ते दाभणाने, मेण लावलेल्या दोऱ्याने, दुहेरी. शिवण संपली की तीन टाके उलटे घ्यायचे आणि उरलेला दोरा कापून न टाकता नखाएवढं शेपूट ठेवून ते आत दुमडायचं, नेहमी डाव्या कोपऱ्यात. "कापलेला दोरा सुटतो," ती म्हणायची, "दुमडलेला बसून राहतो."

आता पाटी काहीही म्हणो, एक शिवण उसवणारी पलटण घरातच होती. जुने तंबू दुरुस्तीला आले की आधी जुनी शिवण काढावी लागते, आणि ते काम आम्हा बहिणींचं. शाळेतून आलं की भाकरतुकडा खायचा आणि बसायचं उसवत. मी रडतखडत करायची. छू डोळ्यांना पट्टी बांधून करायची, का तर गंमत म्हणून! केसातला आकडा काढायची, शेपूट शोधायची आणि सरसर मागे जायची. मी एक कड संपवेपर्यंत तिच्या तीन झालेल्या असत. आई तिच्याकडे बघून म्हणायची, "बोटं सोन्याची आहेत कार्टीची, डोकं मात्र हवेत."

डोकं हवेतच राहिलं. चौदाव्या वर्षी ती प्रोफेसरांकडे जायला लागली. या प्रोफेसरांनी कॉलेज बाहेरूनसुद्धा पाहिलं नव्हतं. लग्न, वाढदिवस, बँकेची वार्षिक सभा, कुठेही ते टोपीतून कबुतर काढत. कबुतर म्हातारं होतं आणि प्रोफेसरही. कधीकधी टोपीतून काढल्यावर कबुतर पुन्हा टोपीत जाऊन बसे आणि मग दोघांची बाचाबाची चाले, ती लोकांना जादूपेक्षा जास्त आवडे. त्यांनी छूला पत्ते शिकवले, नाणी शिकवली, गाठी शिकवल्या. एक दिवस तिला पेटीत बंद करून कुलूप लावलं आणि किल्ली हरवली. खरंच हरवली. ते घामाघूम होऊन खिसे चाचपत होते तेव्हा छू मागून येऊन म्हणाली, "सर, काय शोधताय?"

त्या दिवशी त्यांनी दुकानात येऊन आईला नमस्कार केला. "बाई, मी आयुष्यभर लोकांना दाखवलं की मी सुटतो. ही सुटतेच."

आई म्हणाली, "पेटीचा पत्रा हलका असेल." आणि मशीन सुरू केलं.

मग काय! छूला आवरणं कठीण झालं. दोरखंडातून सुटली, साखळदंडातून सुटली, बर्फाच्या कारखान्यात बर्फाच्या दोन लाद्यांमधून सुटली आणि आठवडाभर शिंकत बसली. वर्तमानपत्रात फोटो यायला लागले. गावोगावच्या जत्रा, प्रदर्शनं, सर्कशी सगळीकडून बोलावणी आली. फोटोच्या कोपऱ्यात दोरी धरून उभी असलेली जी चेहरा पडलेली बाई दिसते ती मी. मी कापली गेले, जळाले, तलवारींनी भोसकली गेले, एकदा तर गायब होऊन दीड तास स्टेजखाली अडकून पडले, आणि नाव झालं कुणाचं? तिचं! पण खरं सांगायचं तर मला फार मजा येत होती. लोकांचा श्वास अडकलेला ऐकू येतो ना, दोन हजार माणसांचा एकदम, त्याची चटक लागते.

आई मात्र एकाही प्रयोगाला आली नाही. आमच्या झगमगीत कपड्यांची टिप मारून द्यायची, डबा भरून द्यायची, आणि दारापर्यंत सोडायला यायची. तिथून पुढे नाही. प्रत्येक वेळी निघताना छू म्हणायची, "आई, चल ना ग एकदा."

"त्यात खोटेपणा आहे का?"

"थोडासा."

"मग राहू दे."

छू हसायची. पण गाडीत बसल्यावर पुढची दहा मिनिटं ती बोलत नसे, आणि ती दहा मिनिटं गप्प राहणं ही तिने केलेली सगळ्यात अवघड जादू असायची. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची ती दर प्रयोगाला रिकामी ठेवायची. आयोजक कुरकुरायचे. मीही कुरकुरायचे.

असं करत ती सव्वीस वर्षांची झाली आणि तिने पोत्याचा प्रयोग बसवला. शहराच्या तरण तलावावर क्रेन आणायची. छूचे हात बांधून तिला जाड पोत्यात घालायचं, पोत्याचं तोंड दोरखंडाने आवळून हुकाला अडकवायचं आणि चार मजले वर न्यायचं. तिथून क्रेन पोतं हळूहळू पाण्याकडे सोडणार. ते पाण्यात बुडायच्या आत छू सुटून धप्पकन तलावात पडणार. दुपारी चारची वेळ, सगळं लख्ख उजेडात.

आता यातली मेख सांगते, तिच्या परवानगीने. पोत्याच्या तळाची शिवण साखळी टाक्याची होती. धान्याच्या पोत्याचं तोंड कसं एक दोरा बरोबर ओढला की सरसर उघडतं, तसंच. दोऱ्याचं टोक आत. ओढलं की तळ मोकळा! ती शिवण छूने स्वतः घातली होती, आईला दिसू नये म्हणून घाईघाईत, वेडीवाकडी. पोतं दुकानाच्या माळ्यावर ताडपत्र्यांमागे लपवलं होतं.

प्रयोगाच्या दिवशी सकाळी आई चक्क म्हणाली, "मी येते."

छूच्या हातातला कप निसटला.

"जादू बघायला नाही," आई म्हणाली. "चार मजले वर टांगणार आहेत म्हणे. पोतं माझ्या दुकानातलं आहे. कापड कसं धरतं ते बघायला येते."

कशाला का होईना! छू दिवसभर एका पायावर उड्या मारत होती. तिने क्रेनवाल्याला मिठी मारली. जीवरक्षकाला मिठी मारली. तलावाच्या तिकीट खिडकीवरच्या खाष्ट बाईलाही मारली. पहिल्या रांगेतली मधली खुर्ची तिने स्वतःच्या ओढणीने तीनदा पुसली. या धांदलीत पोतं शेवटचं तपासायचं मात्र राहूनच गेलं.

चार वाजले. ढोल वाजला. मी छूचे हात बांधले, तिने मला डोळा मारला, आणि पोत्याचं तोंड मी आवळलं. पोतं वर जायला लागलं. माझ्या हातात लाल रुमाल होता. तो हलवला की क्रेनवाल्याने पोतं लगेच वर घेऊन काठावर उतरवायचं आणि दोन्ही जीवरक्षकांनी धावायचं, असं ठरलं होतं. आजवर तो रुमाल मी फक्त नाक पुसायला वापरला होता.

मी आईच्या खुर्चीशेजारी येऊन उभी राहिले. आई मान वर करून पोत्याकडे बघत होती. कापड कसं ताणलंय, हुकाशी चुण्या कशा पडल्यात, सगळं निरखत होती.

"काळजी करू नकोस," ती मला म्हणाली. "पोतं दगा देणार नाही."

"हो," मी म्हणाले.

"सकाळी माळ्यावरून काढलं मी ते. बघते तर काय, तळाची शिवण म्हणजे नुसता गोंधळ! एक दोरा ओढला तर सगळं उघडेल अशी. पोरगी चार मजले वर, आणि खाली असली कच्ची शिवण? सगळी उसवली आणि परत घातली. दाभणाने, दुहेरी, मेणाच्या दोऱ्याने. आता हत्ती बसवला तरी सुटायची नाही."

वर पोतं थांबलं होतं. लोक मोठ्याने आकडे मोजत होते. आत छू दोऱ्याचं टोक शोधत असणार, आणि ते टोक दुकानातल्या केराच्या डब्यात होतं.

"आई," मी म्हणाले, "ती शिवण मुद्दाम कच्ची होती. तिथूनच सुटायचं होतं तिला."

आईचा रंग पार उतरला. पोतं खाली यायला लागलं, ठरल्याप्रमाणे, सावकाश. ते आतून एकदा जोरात हललं. मग हलायचं थांबलं. मी रुमाल वर उचलला.

आईने माझं मनगट धरलं.

"थांब."

"आई, बुडेल ती!"

"तोंड पाण्याला लागेपर्यंत थांब. तिला उसवता येतं."

आणि मग आमची आई, जिने आयुष्यात चारचौघांत आवाज चढवला नव्हता, ती खुर्चीवर उभी राहिली. दोन्ही हात तोंडाशी धरून पोत्याकडे बघत ओरडली, "डाव्या कोपऱ्यातून घे! शेपूट डावीकडे आहे! आधी तीन उलटे टाके काढ, मग सरळ जाईल! ओढू नकोस, ओढलंस तर आवळेल!"

दोन हजार माणसं टाळ्या वाजवायला लागली. त्यांना वाटलं, हासुद्धा प्रयोगाचाच भाग. कुणीतरी ओरडलं, "डावीकडून घ्या!" की सगळा तलाव ओरडायला लागला, "डावीकडून! डावीकडून!" एक टकलू गृहस्थ तर खुर्चीवर चढून आईपेक्षा जास्त हातवारे करत होते. त्यांना दाभण म्हणजे काय हेही ठाऊक नसावं.

पोत्याचा तळ पाण्याला टेकला. भिजला. गुडघाभर आत गेला, कमरेएवढा गेला. माझा हात वर, त्यावर आईची पकड. आईची बोटं माझ्या मनगटावर एकामागून एक हलत होती. ती टाके काढत होती. एक, दोन, तीन.

पोत्याचं तोंड पाण्यापासून वीतभर उरलं. आईने माझा हात सोडला. मी रुमाल हलवायला खांदा उचलला, तेवढ्यात तलावाच्या दुसऱ्या टोकाला पाण्यातून एक डोकं वर आलं. केस चेहऱ्यावर पसरलेले, तोंडात आकडा, आणि ते डोकं खोकत होतं, हसत होतं, पुन्हा खोकत होतं.

आवाज काय झाला म्हणून सांगू! ढोलवाल्याने ढोल सोडून जीवरक्षकाला मिठी मारली. तिकीट खिडकीवरची खाष्ट बाई खिडकीतूनच अर्धी बाहेर आली. टकलू गृहस्थ सगळ्यांना सांगत होते, "मी म्हटलं होतं, डावीकडून!"

छू पाणी निथळत आमच्याकडे आली. आई तिच्याकडे गेलीच नाही. ती आधी पोत्याकडे गेली. काठावर उतरवलेलं पोतं तिने पालथं केलं, तळाची कड बोटांमधून सरकवली आणि म्हणाली, "तीन टाके दातांनी तोडलेस. बाकी नीट काढलेस."

"आई," छू धापा टाकत म्हणाली, "यात खोटं काही नव्हतं ना ग?"

आईने मान हलवली. नाही, नव्हतं. आणि मग पदराने तिचं डोकं पुसता पुसता आई अशी काही रडली की शेवटी छूलाच तिला खुर्चीवर बसवावं लागलं.

"ऐकू आलं का तुला, डावीकडून म्हणाले ते?" आईने विचारलं.

"शब्द नाही ऐकू आले. तू रागावत्येस एवढं कळलं. म्हटलं, म्हणजे आई बघत्येय."

त्यानंतरची तीस वर्षं आमच्या पोस्टरवर दोन चेहरे होते. रंगमंचावर छू पोत्यात शिरायची आणि आई, जाड भिंगांचा चष्मा, बोटात अंगुस्तान, हातात दाभण, लोकांच्या डोळ्यांसमोर पोत्याचं तोंड शिवायची. अकरा मिनिटं लागायची. अकरा मिनिटं कुणी खोकत नसे. आई मनापासून शिवायची, हरवायच्या इराद्याने. दर महिन्याला काहीतरी नवीन काढायची, कधी शेपूट उजवीकडे, कधी गाठीवर गाठ, एकदा तर चामड्याची पट्टी. छू बाहेर आली की आई चरफडायची, प्रेक्षक हसून लोळायचे. दुकानाच्या पाटीखाली रंगाऱ्याकडून आईने एक बारीक ओळ वाढवून घेतली, "एक मुलगी सोडून." मला मात्र अजूनही कापत होते.

गेल्या वर्षी धरणावर प्रयोग होता. छू आता छप्पन्न वर्षांची, आई ऐंशीची. पोतं नदीवर झुलणार होतं आणि वारा फार होता. आई त्या दिवशी शिवायला बसली ती अकराऐवजी चौदा मिनिटं बसली. मी पाहिलं, उजव्या कडेला ती जरा रेंगाळली.

छू सुटली, नेहमीसारखी, हसत. संध्याकाळी खोलीवर चहा घेताना तिने ते पोतं मांडीवर ओढलं आणि उजव्या कडेवरचा एक टाका बोटाने उचलून दाखवला. मोठा, सैल, अंगठा जाईल एवढा.

"आई, हे काय?"

आई चहात बघत होती.

"तिथून मी दोन मिनिटांत बाहेर आले असते," छू म्हणाली. "मी त्याला हातही लावला नाही, डावीकडूनच आले. पण हा टाका ढिला कसा राहिला?"

"वय झालं," आई म्हणाली. "हात थरथरला असेल."

त्याच हाताने तिने चहाची काठोकाठ भरलेली बशी ओठांपर्यंत नेली. एक थेंब सांडला नाही.

आईने आयुष्यात पहिल्यांदा खोटं सांगितलं होतं, आणि ते तिला अजिबात जमलं नव्हतं. छूने माझ्याकडे पाहिलं, मी छूकडे. मग छूने पोतं बाजूला ठेवलं, ताठ उभी राहिली आणि आईसाठी टाळ्या वाजवायला लागली.